ब्लड कल्चरला एवढा वेळ का लागतो? वाचकांचे प्रश्न

ब्लड कल्चर म्हणजे रक्त खास बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवायची आणि ओळखायची तपासणी, लॅबमध्ये मी तीच करतो. परवा गडहिंग्लजहून एका सिस्टरांचा प्रश्न आला, तो शेवटी घेतोय पण तो नक्की वाचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

इचलकरंजीहून एकजण विचारतात: बाबा आयसीयूत आहेत, लॅबवाले म्हणतात पूर्ण रिपोर्टला तीन दिवस. आता तासाभरात बॅक्टेरिया सांगणारी मशिनं आलीत म्हणे, मग?

तुमची घालमेल समजते. मशिन तासाभरात सांगतं हे खरंय, पण तो तास बाटली पॉझिटिव्ह झाल्यानंतरचा, म्हणजे तिच्यात जंतू वाढल्याचं कळल्यानंतरचा. रक्तात जंतू फार थोडे असतात, कधी कधी १ मिलीत एखाददुसराच, म्हणून आधी ते बाटलीत वाढवायला लागतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या तळाचा सेन्सर बदलतो आणि बाटली ज्यात ठेवलेली असते ते मशिन बीप करतं. खरं इन्फेक्शन असलं तर बहुतेक वेळा हे पहिल्या दीड-दोन दिवसांत होतं. मग मी स्लाइड करतो, ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे, जांभळे गोल घोस दिसले तर स्टॅफिलोकोकस असावा, गुलाबी काड्या दिसल्या तर ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे मंडळी, आणि लगेच वॉर्डला फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी. हा फोन म्हणजे पहिला रिपोर्टच समजा, त्यावरच कितीतरी वेळा औषध बदलतं. नाव पक्कं करायला पीसीआर पॅनलला, म्हणजे जंतूंचे ठराविक जीन शोधणाऱ्या मशिनला, साधारण तासभर लागतो, प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) ग्रोथ आली असेल तर माल्डी-टॉफ या प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या मशिनवर काही मिनिटंच. कुठलं औषध लागू पडेल ते कळायला मात्र आणखी वेळ जातो.

कागलचे एक डॉक्टर: पॅनलमध्ये रेझिस्टन्सचा (औषधाला दाद न देण्याचा) एकही जीन निघाला नाही, म्हणजे औषधं चालणार ना?

नाही हो सर, असं धरून चालू नका. पॅनल फक्त त्यात घातलेले जीन शोधतं. एनडीएम हा रेझिस्टन्सचा जीन निघाला तर मेरोपेनेम या अँटिबायोटिकवर विसंबू नका हे नक्की, पण काहीच निघालं नाही म्हणून जंतू गरीब ठरत नाही, तो औषध बाहेर फेकणारे पंप वापरतो, आत यायची दारं बंद करतो, ते या पॅनलला दिसत नाही. म्हणून डिस्क, म्हणजे औषध लावलेल्या कागदाच्या चकत्या, जंतूंवर लावायच्याच. युकास्ट या अशा तपासण्यांचे नियम ठरवणाऱ्या युरोपच्या समितीची आरएएसटी ही झटपट पद्धत मला फार आवडते, पॉझिटिव्ह बाटलीतलं साधारण १२५ मायक्रोलिटर थेट प्लेटवर पसरायचं, डिस्क ठेवायच्या आणि ४, ६, ८ तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजायचा. नेहमीच्या पद्धतीत प्लेटवर ग्रोथ यायला एक रात्र आणि डिस्कला पुढचे १६-१८ तास जातात. मात्र ही ठराविक जंतूंनाच लागू, आणि झोन अधल्यामधल्या पट्ट्यात आला तर त्या वेळी रिपोर्ट द्यायचा नाही, थांबायचं.

राजारामपुरीतून: आईच्या रिपोर्टला ई. कोलाय, सिप्रोफ्लॉक्सासिन १ आणि अमिकासिन २. आकडा लहान सिप्रोचा, तरी त्यापुढे R (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालणार नाही) का?

हा आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला त्या औषधाचं किमान किती प्रमाण लागलं ते, आणि प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी. हे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत, अक्षर बघायचं.

आणि सिस्टरांचा प्रश्न: संध्याकाळी घेतलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला पाठवतो, चालतं का?

सिस्टर, फ्रीज नको, अजिबात नको. थंडीनं काही जंतू मरतात, बाकीचे उशिरा वाढतात. रूम टेंपरेचरला ठेवा आणि मिळेल त्या पहिल्या गाडीनं पाठवा. बाटल्या माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी बाटलीवरची रक्ताच्या मापाची रेषा बघतो, मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिली हवं तिथं कितीदा २-३ मिलीच असतं, फार वाईट वाटतं कारण तेवढ्यात जंतू सापडला नाही तर कितीही महागाचं मशिन काही करू शकत नाही. दोन सेट घ्या, दोन वेगवेगळ्या जागांवरून, दोनपैकी एकाच सेटमध्ये कातडीवरचा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) आला तर तो बहुधा कंटॅमिनेशन, म्हणजे रक्तातला नव्हे, रक्त घेताना कातडीवरून आलेला, हे त्यातनंच कळतं. स्पिरिट लावल्यावर कातडी वाळू द्या, बाटलीचं रबरही पुसा. रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचं, पण पेशंट शॉकमध्ये असेल आणि शीर सापडत नसेल तर रक्तासाठी डोस अडवून ठेवू नका.