गेम खेळताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीनही येत नाही. दोष कुठे शोधू?

गेम सुरू केल्यावर थोड्याच वेळात पीसी रीस्टार्ट होतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि दोनदा फॉरमॅट मारूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका.

४१ हे कारण नव्हेच. मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'बगचेककोड' म्हणजे क्रॅशचा कोड बघा. आकडा दशमान असतो, तो हेक्समध्ये (सोळाच्या पायाची पद्धत) बदला. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरने स्वतः चूक कळवली. असा कोड असेल तर विंडोज फोल्डरातली मिनीडंप फाइल (क्रॅशची नोंद) विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये उघडा.

तुमच्याकडे बहुधा शून्य असेल. म्हणजे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. अशा वेळी माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी नेहमीपेक्षा खूप जास्त करंट ओढतं, १२ व्होल्टची लाइन खाली बसते, वीज ठीक असल्याचा 'पॉवर ओके' सिग्नल बंद होतो आणि बोर्ड रीसेट होतो. या लाइनला ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, पण साध्या मल्टिमीटरला इतका छोटा झटका दिसतच नाही. त्यावर १२.१ आलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरवू नका.

बिनखर्चाची चाचणी अशी: आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के करा, फ्रेम रेट ६० वर बांधा आणि तोच गेम तासभर चालवा. रीस्टार्ट थांबला तर दोष बहुधा एसएमपीएसचा किंवा त्याच्या केबलचा. कार्डाला दोन ८-पिन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल लावा. खात्री मात्र दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते. जुना उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

एसएमपीएस बदलण्याआधी यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओलांडतात.

एवढ्यानेही थांबलं नाही तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्या. एक एरर आली तरी रॅम सदोष समजा आणि एकेक स्टिक वेगळी लावून तपासा. तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये लॉग करून ठेवा, म्हणजे बंद पडण्याच्या आधीचा आकडा हाती लागेल.