२०१३ ची पेट्रोल गाडी ई८५ वर चालवायला किट बसवावं का?

तुमचा प्रश्न असा: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज पडलंय, ऑनलाइन मिळणारं ‘इथेनॉल किट’ बसवून ई८५ (८५ टक्के इथेनॉल) किंवा ई१०० (जवळपास निव्वळ इथेनॉल) टाकलं तर चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे. किट घेऊ नका. तेच पैसे पाइप, फिल्टर आणि प्लगवर घाला, गाडी ई२० वर व्यवस्थित चालेल. इंधन यंत्रणेचीच कामं करतो, त्यामुळे कारणंही सांगतो.

आधी ॲव्हरेजचं बघू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या, म्हणजे बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरलेली आहे. आधी २० देणारी गाडी पावणेएकोणीसच्या आसपास येईल. तुमची गाडी वीसवरून पंधरावर आली असेल, तर बाकीची घट इथेनॉलची नाही. गाडीत दुसरा काहीतरी दोष आहे आणि किट बसवून तो झाकला जाईल.

आता किट नेमकं काय करतं? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त सोडावं लागतं. ई८५ वर तर जवळपास ४० टक्के जास्त. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन कमी-जास्त करतच असतो, पण त्याची मजल बहुतेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास संपते. ई२० त्यात आरामात बसतं, ई८५ बसत नाही. मग चेक लाइट लागते, पिकअप जातो, गाडी मिस मारते. किट म्हणजे ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये जोडायची एक डबी. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ ती वाढवते, बस. चांगल्या किटसोबत इंधनाच्या लाइनमध्ये बसणारा सेन्सर येतो, जो इथेनॉलचं प्रमाण मोजून ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो: ५० म्हणजे शुद्ध पेट्रोल, १५० म्हणजे शुद्ध इथेनॉल. हा सेन्सर नसेल तर डबी नुसता अंदाज बांधते. आज ई८५ भरलं, पुढच्या गावात ते मिळालं नाही म्हणून ई२० भरलं, की मिश्रणाचा सगळा हिशोब चुकला.

आणि डबी इंजेक्टरला जास्त वेळ उघडा ठेवेल, पण टाकीतला पंप तेवढं इंधन पुरवेल का? घाटात चौघं बसलेली, एसी चालू, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. अशा वेळी इंधन कमी पडलं तर इंजिन लीन चालतं, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतात. थंडीचा प्रश्न वेगळाच. साधारण १३ अंशांखाली शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. ब्राझीलमध्ये म्हणूनच इथेनॉलच्या गाड्यांना बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची, सकाळी स्टार्ट करण्यापुरती. निफाडला डिसेंबरात पारा किती खाली जातो ते तुम्हाला माहीत आहेच.

ब्राझीलचं उदाहरण किट विकणारे हमखास देतात. तिथे १९७५ मध्ये इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, १९७९ मध्ये फियाट १४७ कारखान्यातूनच इथेनॉलवर चालणारी निघाली आणि २००३ पासून फ्लेक्स गाड्या, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या, आल्या. त्या मूळातच तशा बनवलेल्या आहेत. किटचं खरं उदाहरण फ्रान्सचं. तिथे २०१७ च्या आदेशाने ई८५ च्या डब्यांना मान्यता देण्याची पद्धत ठरली. मान्यताप्राप्त डबी अधिकृत माणसाने बसवायची आणि गाडीच्या कागदावर इंधनाचा प्रकार बदलून घ्यायचा. आपल्याकडे गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. सीएनजी किट आरसीवर चढतं ते मान्यताप्राप्त असतं म्हणून. विक्रेत्याकडे तुमच्याच मॉडेलसाठीचं, एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं मान्यतापत्र मागा. ते नसेल तर नोंद होणार नाही आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. ई१०० चे पंप मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाले, पण ते फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहेत. तुमच्या गाडीत ते अजिबात भरू नका.

मग करायचं काय? बॉनेट उघडा आणि इंजिनकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ हलकेच वाकवून बघा. वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या, पाइप फुगून मऊ लागला किंवा बोटाला काळं लागलं, तर तो बदलायचाच. जुनं नायट्राइल रबर इथेनॉल शोषून फुगतं. नवा घेताना त्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलंय ना ते बघा. त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. इंजेक्टरच्या ओ-रिंगा त्याच कामात बदलून घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो, म्हणून फिल्टरही नवा टाका. लाइन खोलण्याआधी प्रेशर काढायला मेकॅनिकला आवर्जून सांगा, आगीचा धोका असतो.

कोकणात पावसाळाभर गाडी उभी राहत असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत हवा असते, त्या हवेतलं बाष्प इथेनॉल ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. शंका आली तर थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही.

हे सगळं झाल्यावर साधं ओबीडी डोंगल (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावा, इंजिन गरम होऊ द्या आणि मोबाइलवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे ईसीयू किती टक्के इंधन कमी-जास्त करतोय तो आकडा. ई२० वर अधिक ४ ते ८ दिसलं तर ईसीयू त्याचं काम नीट करतोय. अधिक १२ च्या वर असेल तर व्हॅक्यूम लीक, कमजोर पंप किंवा घाण झालेले इंजेक्टर, यांपैकी काहीतरी आहे. आयडलला आणि २,५०० आरपीएमला असे दोन्ही आकडे आणि गाडीचं मॉडेल इथे लिहा, कुठून सुरुवात करायची ते सांगतो.