पडलेल्या रॉकेटपासून सुरुवात कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

भारताच्या रॉकेटांच्या इतिहासावर लिहायचं म्हणतेस आणि सुरुवात कुठून करू असं विचारतेस. चांद्रयानापासून नको. १० ऑगस्ट १९७९ पासून कर.

त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३, उपग्रह सोडण्यासाठी बनवलेलं आपलं पहिलं रॉकेट, पहिल्यांदा उडालं. उंची २२ मीटर, वजन १७ टन. पहिला टप्पा नीट जळाला, दुसऱ्यात ते भरकटलं आणि पाच-सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात गेलं. दुसऱ्या टप्प्याची दिशा सावरायला नायट्रिक आम्ल भरलेलं होतं. त्याची एक झडप कचरा अडकून उघडीच राहिली आणि आम्ल उड्डाणाआधीच गळून गेलं. एवढीशी झडप! इथे घाई करू नकोस, त्या झडपेपाशी थांब.

१८ जुलै १९८० ला याच बनावटीच्या दुसऱ्या रॉकेटाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. मधल्या अकरा महिन्यांत काय झालं, ते शोध. सरकारचा वाटा मला तिथे दिसतो. ‘सरकारने पैसे दिले’ एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. समुद्रात गेलेल्या रॉकेटचा तोटा पोटात घालून पुढच्या रॉकेटला पैसे देणं, हे फार अवघड काम आहे.

त्यासाठी कंटाळवाणी वाटणारी कागदपत्रंही वाच. १९६२ ला अणुऊर्जा विभागाखाली अंतराळ संशोधनाची समिती झाली, १९६९ ला इस्रो, १९७२ ला अंतराळ आयोग आणि स्वतंत्र अंतराळ विभाग. आयोगाचा अध्यक्ष, विभागाचा सचिव आणि इस्रोचा प्रमुख एकच माणूस, आणि तो शास्त्रज्ञ. ज्याला झडप कळते तोच फाइलवर सही करणार, असा त्याचा अर्थ. माझ्या मते या एका रचनेने बरंच काही तारलं.

क्रायोजेनिक इंजिनाचं, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचं, प्रकरण तर सविस्तर लिही. १९९१ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, १९९२ ला अमेरिकेने निर्बंध लादले, पुढच्या वर्षी तंत्रज्ञान द्यायचं रशियाने नाकारलं; तयार इंजिनं तेवढी मिळाली. मग आपलं आपण. एप्रिल २०१० चं उड्डाण फसलं. १९ ऑगस्ट २०१३ ला तर उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं आणि सगळं थांबवलं. यश आलं ५ जानेवारी २०१४ ला. दिल्लीत इतकी सरकारं आली-गेली, पण हे काम कुणी गुंडाळलं नाही.

गौरवगाथा मात्र लिहू नकोस गं. १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं, १९७५ चा आपला पहिला उपग्रह आर्यभट सोव्हिएत रॉकेटावरून गेला. तेही स्पष्ट लिही.

पहिला खर्डा झाला की पाठव. त्यात त्या झडपेची आकृती तू हाताने काढलेली असू दे.

तुझा,
काका