अंतर्गत मूल्यमापनाचे सॉफ्टवेअर निवडताना शेऱ्यांचा विचार आधी करावा

द्वितीय वर्षाच्या सुमारे १२० विद्यार्थ्यांचे अंतर्गत मूल्यमापन संगणकावर न्यायचे असेल तर कोणती प्रणाली घ्यावी, आणि प्राचार्यांनी सुचवलेले सशुल्क सॉफ्टवेअर योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते विक्रेत्याला सर्वप्रथम हे विचारावे की, विद्यार्थ्याला त्याच्या लेखनावरचा शेरा कधी आणि कुठे दिसेल. विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात बहुधा गुणांची बेरीज, तक्ते आणि निकालपत्रकेच दाखवली जातात. ती कामाची असली तरी त्यांनी विद्यार्थ्याचे पुढचे उत्तर सुधारत नाही.

या संदर्भात मुंबई विद्यापीठाचे २०१७ मधील उदाहरण आठवावे. त्या उन्हाळी सत्रातील ४७७ परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला गेला. निकाल ३१ जुलैच्या मुदतीत लागले नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एवढा मोठा बदल एकाच सत्रात सर्व शाखांना लागू करणे धोक्याचे होते, हे तर झालेच. पण सारे वेळेवर पार पडले असते तरी विद्यार्थ्याच्या हाती शेवटी गुणांचा आकडाच आला असता, याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

म्हणून आपण एका विषयापासून आणि एका असाइनमेंटपासून सुरुवात करावी. मूडल ही अध्यापन आणि मूल्यमापन ऑनलाइन चालवणारी मुक्त प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. परवाना शुल्क नसले तरी सर्व्हरचा खर्च आणि त्याची देखभाल करणारा माणूस मात्र लागतो. मूडलमध्ये असाइनमेंटला गुण न ठेवता केवळ शेरे देण्याची सोय आहे, आणि माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा उपयोग तोच. पहिला खर्डा बिनगुणांचा घ्यावा, आठवडाभरात शेरे द्यावेत आणि सुधारित खर्ड्यालाच गुण द्यावेत. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली, तर शेऱ्यांसोबत गुणही मिळालेल्यांच्या बाबतीत तो लाभ दिसला नाही. ती मुले आपल्या विद्यार्थ्यांहून बरीच लहान होती. तरीही गुण दिसले की शेरा वाचलाच जात नाही, हे महाविद्यालयातही नेहमी दिसते.

१२० खर्ड्यांवर शेरे लिहायला वेळ कोठून आणायचा, ही आपली शंका रास्त आहे. पहिले वीसेक खर्डे वाचले की त्याच त्या उणिवा पुन्हा दिसू लागतात. त्यांवरचे नेमके शेरे एकदाच लिहून मूडलच्या नेहमीच्या शेऱ्यांच्या यादीत ठेवावेत. गूगल क्लासरूममध्येही अशी सोय आहे. तयार शेऱ्याखाली त्या विद्यार्थ्यापुरते एखादे वाक्य मात्र स्वतः लिहावे, आणि ‘चांगला प्रयत्न’ असा शेरा यादीत घालूच नये, कारण त्यातून पुढे काय करावे हे कोणालाच कळत नाही.

बहुपर्यायी चाचण्यांबाबत थोडक्यात सांगतो. मूडलच्या चाचणी अहवालात प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आणि भेदनक्षमता, म्हणजे तयारीचे आणि कच्चे विद्यार्थी त्या प्रश्नातून किती वेगळे ओळखता येतात ते, दिसते. एखाद्या प्रश्नात एकूण चांगले गुण मिळवणारेच अधिक चुकत असतील, तर गुण जाहीर करण्यापूर्वी उत्तरतालिका तपासावी. चूक बहुधा तेथेच सापडते किंवा प्रश्नाची भाषा संदिग्ध असते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची एक अडचण विक्रेत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अनेक विद्यार्थी बाहेरून टंकलेखन करून आणतात आणि ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असते. अशी फाईल दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरांत उघडते, आणि तिचे पीडीएफ केले तरी त्यातील मजकूर शोधता येत नाही किंवा साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. त्यामुळे असाइनमेंट युनिकोडमध्येच टंकलिखित असावी आणि हस्तलिखित असल्यास सर्व पानांची एकच पीडीएफ सादर करावी, ही सूचना विषय देतानाच लेखी द्यावी.