आजोबांची ट्रंक माळ्यावर टाकावी का?

‘मुलगा आजोबांच्या आठवणीतून बाहेरच येत नाही. त्यांच्या वस्तू नजरेआड केल्या तर बरे होईल का?’ घरातील वडीलधारे माणूस गेल्यानंतर पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. पुढील अनुभव संबंधित कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

डोंबिवलीतील एक जोडपे आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. आजोबांना जाऊन सात महिने झाले होते. मूळचे मालवण तालुक्यातील हे आजोबा नौदलात खलाशी होते आणि १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’च्या बॉयलर रूममध्ये कामाला होते. मुलगा त्यांची पांढरी गोल टोपी उशाशी घेऊन झोपत असे, त्यांच्याविषयी सतत काही ना काही विचारत असे. म्हणून वडिलांनी टोपी, पदके आणि फोटो काळ्या ट्रंकेत भरून ती माळ्यावर टाकली होती.

मी प्रथम मुलाची झोप, भूक, शाळा आणि मित्र यांविषयी चौकशी केली. सारे सुरळीत होते, संध्याकाळचा फुटबॉलही चुकत नव्हता. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार मुलांच्या बाबतीत सहा महिन्यांनंतरही तीव्र राहिलेला शोक विकार मानता येतो. मात्र त्यासाठी मृत व्यक्तीची ओढ जवळजवळ रोज असह्य व्हावी लागते आणि तिच्यामुळे रोजचे जगणे विस्कळीत व्हावे लागते. या मुलाचे तसे काहीच नव्हते.

एकट्याने बोलताना तो म्हणाला, “आजोबांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. आणि टीव्ही मोठा लावला की मी त्यांच्यावर ओरडायचो.” वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम केल्यामुळे आजोबांना कमी ऐकू येत असे, हे कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या भेटीत वडील बोलले. “बाबा दोन महिन्यांच्या रजेवर घरी यायचे तेव्हा मी आईच्या पदराआड लपायचो. माझ्या मुलाला मिळाले ते बाबा मला मिळाले नाहीत.” खरी गाठ इथे होती. मुलाच्या प्रत्येक प्रश्नाने वडिलांची जुनी सल जागी होत होती आणि ट्रंक माळ्यावर गेली होती ती बरीचशी त्यांच्या स्वतःसाठी.

मी दोघांना ती ट्रंक एकत्र उघडण्यास सांगितले. वडिलांनी आजोबांच्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी असताना ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात कशी उतरली, ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले तेव्हा खाली बॉयलरांपाशी किती उकडत असे, हे त्यांनी सांगितले आणि मुलाने वहीत उतरवून घेतले. मग त्याने वडिलांना विचारले, “तुम्हाला आजोबांचा राग यायचा?” वडील “हो” म्हणाले. माझ्या मते त्या एका उत्तराने पदकांपेक्षा अधिक काम केले, कारण त्यानंतर मुलानेही आपले ओरडणे वडिलांपाशी बोलून दाखवले.

गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडल्याखेरीज शोक संपत नाही, अशी समजूत पूर्वी तज्ज्ञांमध्येही होती. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ मध्ये तिला स्पष्ट आव्हान दिले. नाते बदललेल्या रूपात टिकते आणि ते टिकणे निरोगी असू शकते, अशी त्यांची मांडणी आहे. माझा अनुभवही तसाच आहे.

म्हणून वस्तू आवरायच्याच असतील तर मुलाला विचारून आवराव्यात आणि एखादी त्याच्याजवळ राहू द्यावी. मात्र मूल शाळा टाळू लागले, मित्रांपासून तुटले, त्याची झोप उडाली किंवा “मला आजोबांकडे जायचे आहे” असे म्हणू लागले, तर महिने मोजत न बसता त्याच आठवड्यात तज्ज्ञांना भेटावे. शेवटचे वाक्य कानावर आल्यास त्याच दिवशी.