घरचे लाकूडकाम, वाचकांचे प्रश्न : चिपळूणचे टेबल नागपुरात का तडकले?

गेल्या अंकात घरी स्वतःच्या हाताने लाकडी सामान करणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे पॉलिशविषयी आहेत. पण ती वाचताना असे दिसते की तक्रार पॉलिशची वाटत असली, तरी चूक बहुधा त्याच्या आधीच, म्हणजे लाकडाच्या निवडीत, त्यातील ओलाव्यात किंवा जोडणीत झालेली असते. त्यामुळे पॉलिशविषयी काहीही न विचारणारे एक पत्र आम्ही मुद्दाम पहिले घेतले आहे आणि त्याचे उत्तरही इतरांपेक्षा लांब दिले आहे.

प्रश्न (चिपळूण) : मागच्या श्रावणात मी सागवानी फळ्या कडेला कड जोडून ३० इंच रुंदीचे जेवणाचे टेबल केले. वरचा तक्ता खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने पक्का केला, दोन्ही टोकांना शोभेसाठी आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून बसवल्या आणि वरून पॉलिश केले. दिवाळीनंतर टेबल मुलाकडे नागपूरला पाठवले. एप्रिलमध्ये तक्त्याला लांबच लांब तडा गेला. वखारवाल्याने लाकूड सुकवलेले असल्याची खात्री दिली होती. माझी फसवणूक झाली असावी का?

उत्तर : वखारवाल्याने आपल्याला फसवले, असे म्हणण्यास या पत्रात काही आधार दिसत नाही. लाकूड एकदा सुकले की कायमचे सुकले, ही आपल्याकडची फार जुनी गैरसमजूत आहे. सुकवलेले लाकूडही भोवतालच्या हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहते, आणि हा व्यवहार ते पन्नास वर्षांचे झाले तरी थांबत नाही. कोकणात ऐन पावसाळ्यात उघड्या पडवीत ठेवलेल्या फळीत तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ ते १८ टक्के पाणी असते. तीच फळी नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ६ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणजे आपल्या तक्त्याने सुमारे १० टक्क्यांचा ओलावा गमावला.

आता हे आकडे टेबलावर मांडून पाहू. सागवान हे सर्वांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक, तरीही ओलावा एक टक्क्याने घटला की त्याची फळी रुंदीत सुमारे ०.१ ते ०.२ टक्के आटते. ओंडक्यातून फळी कोणत्या अंगाने चिरली आहे, यावर हे प्रमाण ठरते. ३० इंच म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटर. १० टक्के ओलाव्याच्या फरकाने आपला तक्ता पाऊण ते दीड सेंटीमीटर अरुंद होऊ पाहत होता. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. म्हणूनच टोकांच्या आडव्या पट्ट्या घातक ठरल्या : तक्त्याला आटायचे होते, त्या पट्ट्यांना, त्यांच्या लांबीच्या दिशेत, आटायचे नव्हते, आणि दोन्ही सरसाने व स्क्रूने एकमेकांना जखडलेले होते. चौकटीच्या स्क्रूंनीही तेच केले. ओढाताण वाढत गेली आणि लाकडाने जिथे ते सर्वांत दुबळे होते तिथे, म्हणजे तंतूंच्या रेषांना धरून, वाट काढली.

पॉलिशमुळे हे टळले असते का, असाही प्रश्न आपल्या मनात येईल. पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंदावते, बंद होत नाही. त्यातही आपण पॉलिश केवळ वरच्या अंगाला केले असेल, तर खालचे अंग लवकर आटून तक्ता वाटीसारखा वळण्याचा धोका वेगळाच. पॉलिशचे जेवढे हात वर, तेवढेच हात खाली, हा नियम पाळावा.

टेबल वाया गेलेले नाही. सर्व स्क्रू आणि टोकांच्या पट्ट्या काढाव्यात. तक्ता नागपुरातच, भिंतीला न टेकवता, दोन्ही अंगांना हवा लागेल असा महिना-दोन महिने ठेवावा. त्यानंतर तडा रेषेत असल्यास तेथून तक्ता सरळ चिरून, कडा रंध्याने सपाट करून पुन्हा जोडावा. सागवानात तेलाचा अंश असल्यामुळे चिकटवण्याच्या कडा ताज्या रंधलेल्या असाव्यात आणि थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्यात. चौकटीवर बसवताना मात्र तक्ता मोकळा ठेवावा : चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडून त्यात जीभ अडकेल असे लाकडी गुटके करावेत आणि गुटक्यांना स्क्रूने तक्त्याशी जोडावे. गुटका खाचेत सरकतो, तक्ता आटतो-फुगतो आणि टेबल शाबूत राहते. मधोमध एका ओळीत पक्के स्क्रू चालतील, कारण तेथून हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते. टोकांना पट्टी हवीच असेल तर ती खाच-कुसवाने (एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ अडकवून) बसवून फक्त मधल्या चार बोटांच्या भागात सरस लावावा आणि बाकीची लांबी कोरडी ठेवावी.

यापुढे लाकूड आणल्यावर त्याचा एक वीतभर तुकडा कापून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला तोलावा. वजन घटायचे थांबले की लाकूड आपल्या घराच्या हवेशी जुळले, असे समजून कामाला हात घालावा. यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

प्रश्न (पुणे) : जुन्या वाड्याच्या तुळयांचे लाकूड भवानी पेठेतून आणून छोटी पेटी केली. जुलैमध्ये चपडा (लाखेचे) पॉलिश केले तर त्यावर पांढुरके ढग आले. स्पिरिटमध्ये भेसळ असावी का? त्याऐवजी मेलामाइन (हार्डनर मिसळून लावायचे रासायनिक पॉलिश) करावे का?

उत्तर : ढग भेसळीचे नसून जुलैचे आहेत. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्या ओल्या थरात उतरते. अर्धवट उघड्या राहिलेल्या बाटलीतील स्पिरिटही हवेतून पाणी ओढते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी कापसाच्या पोटलीवर ताज्या स्पिरिटचे अगदी थोडे थेंब घेऊन हलक्या हाताने पृष्ठभागावरून फिरवावे. चपडा पुन्हा किंचित विरघळतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि ढग बहुधा पहिल्याच फेरीत नाहीसे होतात. पोटली एकाच जागी थांबवू नये, नाहीतर थरच उचलला जाईल. पेल्याचे पांढरे गोल डागही याच उपायाने जातात. चपड्याची खरी थोरवी याच गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे : तो नाजूक आहे, पाणी आणि गरम भांडे त्याला सोसत नाही, पण त्याची दुरुस्ती घरचा माणूस करू शकतो.

चपडा भिजवताना साधारण १ लिटर स्पिरिटला १२० ते १५० ग्रॅम हे प्रमाण पोटलीने लावण्यासाठी पुरे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत भिजवावा. लोखंडी डब्यात तो काळवंडतो. मागच्या वर्षीचे मिश्रण उरले असेल, तर काचेवर एक थेंब टाकून पाहावा. काही तासांनीही तो चिकट राहिला, तर मिश्रण टाकून द्यावे. जुन्या चपड्याचे पॉलिश कधीच पुरते वाळत नाही.

मेलामाइनविषयी सावध करावेसे वाटते. त्यात हार्डनर मिसळला की वाळताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि धुळीसाठी वापरतो तो कापडी किंवा एन-९५ मुखपट्टा ही वाफ अडवत नाही. मुले झोपतात त्या खोलीत हे काम करू नये. पेटीसारख्या वस्तूला त्याची आवश्यकताही नाही. जेवणाच्या टेबलाला गरम पातेल्यांचा त्रास असतो, तेथे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा विचार करावा आणि ते काम मोकळ्या जागेत, योग्य मुखवटा असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे.

प्रश्न (कोल्हापूर) : १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे पुस्तकांचे कपाट केले. कप्पे ४ फूट रुंद आहेत. वर्षभरात सगळे कप्पे मधोमध खाली झुकले. प्लायवूड हलके लागले का?

उत्तर : प्लायवूडची प्रत बदलून विशेष फरक पडला नसता. मापच चुकले आहे. दाटीने लावलेली पुस्तके दर फुटाला साधारण १० किलो भरतात, म्हणजे आपल्या प्रत्येक कप्प्यावर ४० किलोचा भार होता. पुस्तके कप्पाभर पसरलेली असतात, तेव्हा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ४ फुटांच्या फळीला ३ फुटांच्या फळीपेक्षा तिपटीहून अधिक बाक येतो आणि लांबी दुप्पट केली तर सोळापट. १९ मिलिमीटरच्या फळीसाठी अडीच फूट ही आम्ही मानत असलेली मर्यादा आहे.

आता कप्पे काढून उलटे घालावेत, मधोमध उभी फळी टाकावी आणि प्रत्येक कप्प्याच्या दर्शनी कडेला दीड इंच रुंदीची सागवानी पट्टी उभी चिकटवावी. उभी पट्टी फळीला तुळईसारखा आधार देते, शिवाय प्लायवूडची कडही झाकते. पुढच्या वेळी कप्पे कापताना प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याच्या रेषा कप्प्याच्या लांबीला धरून आहेत, हे पाहावे. आडव्या कापल्या तर तीच फळी अधिक वाकते.

प्रश्न (ठाणे) : मी सदनिकेत राहते, हाताशी फक्त एक बाल्कनी आहे. सुरुवात कशाने करावी आणि कोणती हत्यारे घ्यावीत? खुर्ची करण्याची फार इच्छा आहे.

उत्तर : खुर्ची कृपया पहिल्यांदा करू नये. तिच्यात काटकोन जवळजवळ नसतो, आणि माणूस मागे रेलतो तेव्हा मागच्या सांध्यांवर जो ताण येतो तो नवख्या हाताचे सांधे सोसत नाहीत. पाट करावा. पाटात एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढेच काम असते. पण त्यात चिरणे, रंधणे, काटकोन साधणे, कड गोल करणे आणि घासून पॉलिश करणे हे सगळे येते. पट्ट्या फळीच्या रेषांना आडव्या बसत असल्यामुळे चिपळूणच्या वाचकांना जे टेबलाच्या किमतीत कळले, ते आपल्याला एका फळीत कळेल : मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोके लांबट. पाटानंतर चौरंग, आणि चौरंगाचे चारही पाय जमिनीला टेकले की मग खुर्चीचा विचार करावा.

हत्यारे थोडी आणि चांगली घ्यावीत. बारीक दातांची करवत, एक रंधा, अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या दोन पटाश्या, गुण्या, चार क्लॅम्प, एक ड्रिल आणि धार लावण्याचा दगड एवढ्यावर वर्षभर काम चालेल. यातला दगड सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरून हाताला लागते. धारदार रंध्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकूही जात नाही, हा सदनिकेतला आणखी एक लाभ.

वखारीत जाण्यापूर्वी घनफुटाचा हिशेब येणे आवश्यक आहे. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. ८ इंच रुंद, १ इंच जाड आणि ६ फूट लांब फळी म्हणजे ४८ भागिले १४४, अर्थात एक तृतीयांश घनफूट. एक इंचाची फळी दोन्ही अंगांनी रंधल्यावर पाऊण इंचाच्या आसपास उरते, आणि दर मात्र पूर्ण इंचाचा द्यावा लागतो. यात वखारवाल्याची लबाडी नसते. गाठी आणि तडे वगळावे लागतात, म्हणून हिशेबापेक्षा पाव भाग लाकूड अधिक घ्यावे.

प्रश्न (सावंतवाडी) : आंब्याच्या लाकडाच्या पलंगाखाली रोज बारीक पीठ पडते. भुंगा लागला असावा. रॉकेल चोळले, उपयोग झाला नाही.

उत्तर : आंब्याच्या लाकडात टिकाऊ गाभा जवळजवळ नसतो आणि पिष्ट भरपूर असते, म्हणून ते भुंग्याचे आवडते खाद्य आहे. रॉकेल ज्याला लागेल तोच किडा मरतो, आतल्या अळ्या सुरक्षित राहतात, आणि तेलकट झालेल्या लाकडावर पुढे पॉलिश धरत नाही. पॉलिश पूर्ण घासून काढावे. १ लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून हे पाणी उघड्या लाकडावर सर्व बाजूंनी, विशेषतः खालच्या अंगाला, दोन-तीनदा भरपूर लावावे आणि भोकांत सिरिंजने सोडावे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. पूर्ण वाळल्यावर खाली काळा कागद पसरून दोन आठवडे लक्ष ठेवावे. पीठ पडणे थांबले तर भोके बुजवून सर्व अंगांना पॉलिश करावे, कारण मादी उघड्या लाकडाच्या छिद्रांतच अंडी घालते. पीठ पडतच राहिले, तर तो पलंग वाचवण्याच्या भरीस पडू नये आणि घरातील इतर लाकडापासून तो दूर करावा.

प्रश्न (नाशिक) : केवळ जवसाचे तेल लावून काम भागेल का?

उत्तर : भागेल, पण कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस लागतात, बाजारात उकळलेले म्हणून मिळते ते घ्यावे. लाकूड ८०, १२०, १८० आणि २२० क्रमांकांच्या काचकागदाने, एकही टप्पा न गाळता, रेषांच्या दिशेने घासावे. तेलाचा पातळ हात देऊन पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यावे. न पुसलेले तेल चिकट साय होऊन बसते. दुसरा हात पहिला पुरता वाळल्यावरच द्यावा. तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते, घडीत ती कोंडते आणि फडके आपोआप पेट घेते. ती दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावीत.