मराठी आकड्यांच्या नंबर प्लेटवर पोलीस दंड घेऊ शकतात का?

हो, घेऊ शकतात. तुमच्या एमएच ०८ स्कूटरवर मागे देवनागरी आकडे आहेत, म्हणून चलन फाडलं, ते नियमाला धरूनच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात. मराठीचा अभिमान हवाच, पण नंबर प्लेटवर नको! ४१४१ चा 'दादा' करणारेही याच नियमात सापडतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १,५०० पर्यंत. पावती खिशात ठेवून तीच प्लेट मिरवलीत तर पुढच्या नाक्यावर परत थांबाल.

आता रस्त्याकडेच्या स्टिकरवाल्याकडून 'आयएनडी' (IND) ही अक्षरं चिकटवून आणू नका. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट लागते. ती ॲल्युमिनियमची असते, वर अशोकचक्राचा क्रोमियमचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला वेगळा ओळख क्रमांक असतो. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच बुकिंग करा.

आणि पावसात खाडीकाठच्या रस्त्यावरून आलात की मागच्या प्लेटवरचा लाल चिखल पुसा. नंबर वाचता आला नाही तरी अडवतात. चलनातला फोटो तुमच्या गाडीचा नसेल, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकता येते.